शुभहस्ते पेशीविभाजन

एकाचे दोन होणे ही गंभीर बाब असून ती जबाबदार व्यक्तीच्या उपस्थितीतच व्हावी, असा सर्वत्र संकेत आहे. वाटणी खात्यांची असो वा भावाभावांची, शिक्का मारायला कुणीतरी लागतंच. निसर्गाला हे अद्याप लेखी कळवलेलं नसल्यामुळे समुद्रजीव संशोधन संस्थेत जे घडलं, ते घडलं.

या संस्थेत किडेबाई काम करत. (खरं नाव वेगळं होतं, ते हजेरीपुस्तकाखेरीज कुणी वापरत नसे.) त्यांचा विषय होता दोन मिलिमीटर लांबीचा एक समुद्री किडा. त्याला तोंड होतं, पण पुढे पोट नव्हतं आणि मागचं दार तर नव्हतंच. त्यामुळे अंडीसुद्धा तो तोंडावाटेच घालायचा. प्रत्येक किडा आईही आणि बापही, त्यामुळे घरात वाद कमी.

वर्षातून जेमतेम आठवडाभर ही अंडी मिळत. एका अंड्याच्या एका पेशीपासून सोळा पेशी होईपर्यंत डोळा न हलवता बघायचं आणि कुठली पेशी कुठे सरकते ते कागदावर काढायचं, एवढंच बाईंना हवं होतं. नऊ वर्षं ते जमलं नव्हतं. कारणं : वीज जाणे, दोनदा, भिंतींना रंग देणे, एकदा, आग विझवण्याचा सराव, एकदा, ‘सूक्ष्मदर्शक कसा वापरावा’ या विषयावर सूक्ष्मदर्शकाच्याच खोलीत कार्यशाळा, चारदा, धाकट्या नणंदेचं लग्न, एकदा. दर मोसमात आईचा फोन येई, “झाली का गं तुझ्या किड्याला मुलं?”

“झाली असतील, आई. मी नव्हते.”

दहाव्या वर्षी संचालकांनी जातीनं लक्ष घातलं. प्रकल्पाची मुदत संपत आली होती आणि मुदतवाढ ज्यांच्या हातात, ते अध्यक्ष भेटीला येणार होते. कार्यक्रमपत्रिका छापली गेली. ११.०० स्वागत. ११.१५ प्रास्ताविक. ११.४० पेशीविभाजन (मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते). ११.४५ चहापान.

त्या दिवशी साडेदहाला किड्यानं अंडं घातलं. पहिलं विभाजन तासाभरानं होतं, म्हणजे पत्रिकेत बसत होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. अध्यक्षांचा निरोप आला की ते निघाले आहेत. (निघणं ही मोठ्या माणसांच्या बाबतीत दीर्घकाळ चालणारी अवस्था असते.)

संचालक धापा टाकत आत आले. “बाई, याला साडेबारापर्यंत थांबवा.”

“सर, ते अंडं आहे.”

“म्हणूनच सांगतोय. आत्तापासून वळण लावलं नाही तर पुढे ऐकणार नाही.”

“ऐकायला त्याला कान नाहीत, सर. होणारही नाहीत.”

“मग फ्रिजमध्ये ठेवा! गारठ्यानं विभाजन मंदावतं, असं तुमच्याच अहवालात आहे.”

संस्थेत अहवाल वाचला गेल्याची ही पहिलीच नोंद होती, त्यामुळे बाई क्षणभर गहिवरल्या. मग म्हणाल्या, “गारठवलं तर काय वेडंवाकडं होईल सांगता येत नाही. दहा वर्षं थांबलेय मी.”

“अहो, अध्यक्षांसाठी अख्खी संस्था थांबलीय, आणि एका अंड्याला थांबता येत नाही?” संचालकांनी स्वतः फ्रिजचं दार उघडून धरलं.

बाईंनी काचेची बशी उचलली. फ्रिजपर्यंत गेल्या. तशाच पुढे गेल्या, जुना सूक्ष्मदर्शक ठेवलेल्या रसायनांच्या कोठीत शिरल्या आणि आतून कडी लावली.

“बाई! दार उघडा! मुदतवाढीचं काय?”

संचालक दार ठोठावत राहिले. मग आतून आवाज आला, “दोन झाल्या.”

संचालक अनुभवी प्रशासक होते. त्यांनी एक स्वच्छ, पूर्ण रिकामी काचपट्टी मुख्य सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पावणेएकला अध्यक्ष आले, पुष्पगुच्छ घेतला, फीत कापली आणि डोळा लावला. दिसली ती त्यांचीच पापणी.

“अरे वा! हलतोय की!”

टाळ्या पडल्या. मग रांगेनं बत्तीस जणांनी आपापली पापणी पाहिली. कुणाला किडा करडा दिसला, कुणाला काळाभोर. एका उपसंचालकांना तर दोन दिसले, आणि विभाजन अधिकृतरीत्या पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. वेळ, बारा अठ्ठावन्न.

कोठीत तोवर चार झाल्या होत्या. जेवणं उरकली तेव्हा आठ. खुर्च्या आवरल्या गेल्या तेव्हा सोळा. आणि त्यातली एक पेशी जिथे सरकली, तिथे ती सरकते असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बाईंनी तीनदा खात्री केली. एकट्याच हसल्या. मग रडल्या, आणि डोळ्यांत पाणी असलं की भिंगातलं दिसत नाही म्हणून लगेच थांबल्या.

अध्यक्ष इतके खूश झाले की मुदतवाढ जागेवर मिळाली. (अट : विभाजन दरवर्षी याच तारखेला घेण्यात यावं.) स्वतःच्याच प्रयोगाला गैरहजर राहिल्याबद्दल बाईंकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी खुलाशासोबत पेशींची सगळी चित्रं जोडली. ‘अनावश्यक कागद’ असा शेरा मारून ती परत आली.

हा प्रसंग आम्ही पुष्कळांना सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात. अध्यक्षांना पुढे कळलं का, संचालकांचं काय झालं, हे खोदून खोदून विचारतात. ती पेशी नेमकी कुठे सरकली, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

तुम्ही तरी विचाराल असं वाटलं होतं.