उलट्या वाटेचा निरोप

सेनगावात कुणाचा निरोप आला की लोक विचारत, "काय म्हणतात?" सखारामभाऊ विचारत, "कोन्त्या गाडीनं आला?"

एसटी स्टँडाला लागून त्यांचं सायकलींचं दुकान होतं, आणि त्याला लागून माझी खोली. पंक्चर काढता काढता भाऊ एसटीच्या प्रवाशांकरवी गावोगावचे निरोप पोचवत. त्यासाठी त्यांनी लोकांचे गट पाडले होते: भजनवाले, म्हैसवाले, जावई. ज्याला जे ऐकायचं असेल, त्याने त्या गटात नाव लावायचं. दवंडीचं नाव काढलं की भाऊ भडकत. "ज्याचं काम त्यालाच सांगा की! साऱ्या गावाला काहून तकलीफ?"

एक निरोप एका गाडीत एकाच प्रवाशाला सांगायचा, हा दुसरा नियम. हिंगोलीला वाटा फुटतात, तिथला पानवाला मग एकाचे तीन करून पुढच्या गाड्यांना देई. एकदा त्यांना मदत करताना मी घाईत एकच निरोप एकाच गाडीतल्या दोघांना सांगितला. भाऊ तडक गाडीत चढले आणि त्यातल्या एकाला तो विसरायला लावूनच खाली उतरले.

दर बाजाराच्या दिवशी ते गटातल्या प्रत्येकाला विचारत, "हाय का?" त्यावर "हाय" असं उत्तर यायला हवं. तीन बाजार उत्तर आलं नाही की नाव छाटलं. मी शेजारी राहूनही "हाय" म्हणायला विसरलो. चौथ्या बाजाराला माझे सासरे दारात उभे, आणि मी टॉवेल गुंडाळून भजी तळतोय! भाऊंनी त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं होतं.

"सांगायचं तरी!"

"कसं सांगू? जावयातून छाटलंय तुमाला."

पण खरा कहर उलट्या वाटेने आलेल्या निरोपांचा. मी साखऱ्याच्या शाळेत मास्तर. एकदा वसमतच्या गाडीने निरोप आला, उद्या साखऱ्याची शाळा बंद. भाऊंनी तो टाकूनच दिला. साखऱ्याची गोष्ट साखऱ्याच्याच गाडीने यायला हवी! मी सकाळी जाऊन कुलूप बघून परत आलो आणि त्यांच्यावर ओरडलो.

"कुलूप खरं असंल," भाऊ शांतपणे म्हणाले, "पन निरोप खोटा."

त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक गट होता, त्यात एकच नाव. शांता, वसमत. ही त्यांची एकुलती लेक. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा भाऊ तिला नको ते बोलले होते. दर बाजाराला वसमतच्या गाडीने तिलाही "हाय का?" जाई. दीड वर्षात उत्तर आलं नव्हतं.

"भाऊ, तीन बाजार कधीच झाले," मी एकदा बोलून गेलो.

"दुसराच बाजार हाय हा," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मग एका दुपारी साखऱ्याच्या गाडीतून एक अनोळखी म्हातारी उतरली आणि दुकानाशी आली. साखऱ्याच्या एका लग्नात तिला एका बाईने सांगितलं होतं, त्या बाईला तिच्या बहिणीने, बहिणीला वसमतच्या शेजारणीने.

"शांताचे बाप तुमीच का? ती हाय म्हनली. पोरगी झाली तिला. बघाया बलावून राहिली तुमाला."

वसमतचा निरोप, साखऱ्याच्या गाडीने! मी भाऊंकडे पाहिलं. ट्यूब बादलीत धरून ते नुसते बुडबुडे बघत होते.

"बराबर गाडीनं आल्या, मावशी," ते कसेबसे म्हणाले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून माझ्याकडे वळले.

मी वही उघडली. "कोणत्या गटाला कळवू, भाऊ?"

"वही ठिवा तिकडं," भाऊ म्हणाले. "दवंडी पिटा, मास्तर."