चोवीस व्होल्टची जीप

आमच्या गल्लीतले वामनभाऊ माणसं व्होल्टमध्ये मोजतात. आमच्या बेला गावातला जवळजवळ प्रत्येक जण त्यांनी मोजून ठेवलाय. शिंपी बाराचा, पोस्टमन चोवीसचा. मी शाळेत मास्तर आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे माझी मोजणी वारंवार झाली आणि दर वेळी सहाच भरली. "मास्तर, तुमी सहाचे. हेडलाइट लावला की हॉर्न बंद," असं ते माझ्या बायकोदेखत सांगतात. ती हसते, म्हणजे तिलाही ते पटत असावं.

भाऊंचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पण जीव सगळा अंगणातल्या लष्करी जीपमध्ये. त्यांच्या वडिलांनी ती लिलावात घेतली होती. असल्या लष्करी गाड्या चोवीस व्होल्टवर चालतात. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडल्या की झाले चोवीस. या घरातली प्रत्येक मुलगी, आत्यांपासून भाऊंच्या लेकीपर्यंत, याच जीपमधून सासरी गेली.

वडील गेले आणि भाऊ व धाकटा केशव यांची वाटणी झाली. भाऊ तिला अजून तक्सीम म्हणतात. शेत वाटलं, भांडी वाटली, गोठ्यात मधोमध भिंत आली. जीप काही वाटता येईना. ती भाऊंकडे राहिली तेव्हा केशवचं डोकं फिरलं. त्यानं पाना आणला, दोनपैकी एक बॅटरी सोडवली आणि खांद्यावर घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या नव्या घरी निघून गेला. "माही अर्धी नेली," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

भाऊही हट्टी. त्यांनी उरलेल्या एका बॅटरीवर, म्हणजे बारा व्होल्टवर, जीप आणून दाखवली. दिवे बदलले, हॉर्न बदलला, सेल्फ बदलला. तारा मात्र जुन्या बारीकच ठेवल्या. व्होल्ट अर्धे झाले की त्याच कामाला करंट दुप्पट लागतो आणि बारीक तारेला तो झेपत नाही. जीप सुरू झाली की बोनेटमधून देवघरासारखा धूर यायचा. दिवे लागलेत की नाही हे काडी ओढून पाहावं लागे. भाऊंचं मात्र एकच, "गाडी मस्त चालून राह्यली. कनेक्शन ढिलं असंन." त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक बिघाड म्हणजे ढिलं कनेक्शन. मला ताप आला तेव्हासुद्धा त्यांनी माझं मनगट धरून जरासं फिरवून पाहिलं होतं.

त्यांची आणखी एक सवय मला कळत नसे. रोज सकाळी गल्लीच्या त्या टोकाला केशवचा ट्रॅक्टर सुरू होतो, म्हणजे लवकर होत नाही. खर्र, खर्र, मग शांतता, पुन्हा खर्र. तो आवाज यायला लागला की भाऊ चहाची बशी हातात धरून थांबतात आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यावरच घोट घेतात. मला वाटे, मजा घेताहेत.

यंदा श्रावणात केशवच्या लेकीचं, सुमीचं, लग्न ठरलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी जीपमधल्या सगळ्या तारा उपटून अंगणात टाकल्या. त्यातल्या एका लांब तारेवर वैनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, लगेच कपडे वाळत घातले.

"भाऊ, हे काय?"

"पुन्हा चोवीस करून राह्यलो."

"आता काऊन?"

"सुमी चोवीसनं जाईन. बाराची जीप पोरीच्या सासरी नेली त लोक काय म्हणतीन?"

"लग्नाचं बोलावणं आलं का पण तुम्हाले?"

त्यांच्या ओठांत दोन स्क्रू होते, त्यामुळे उत्तर टळलं. बोलावणं आलं नव्हतं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

काम मात्र जोरात चाललं. माळ्यावरून चोवीसचे जुने दिवे, हॉर्न, सेल्फ खाली आले. तारा ओळखू याव्यात म्हणून भाऊंनी वैनींचं जुनं लुगडं फाडून चिंध्या बांधल्या: हिरवी दिव्यांना, पिवळी हॉर्नला आणि काठाची चिंधी थेट सेल्फला. वैनी म्हणाल्या, "लुगडं माह्या अंगावर होतं तवा या माणसानं एवढं निरखून नाई पाह्यलं."

पोळा झाल्यावर ते आदिलाबादहून नवी बॅटरी घेऊन आले. ती जीपच्या रिकाम्या पेटीत बसेचना, पेटीहून चांगली वीतभर लांब. बोल्टचे आटे नखानं मोजणारा माणूस आणि बॅटरी माप न घेता आणतो! ही संधी मी सोडणार नव्हतो.

"भाऊ, आज तुमी किती व्होल्टचे?"

"राहू द्या मास्तर." त्यांनी बॅटरी ओसरीवर पोत्यावर ठेवली.

"मग बदलून तरी आणा."

"त्या पेटीत केशवचीच बसते," ते म्हणाले आणि पाने पुसत बसले. मला पहिल्यांदाच त्यांची थट्टा करवेना.

दिवाळी झाली. लग्न आठवड्यावर आलं. जीप तयार उभी, पेटी रिकामी. आणि एका सकाळी केशव फाटकात उभा दिसला. एका हातात पत्रिका, खांद्यावर पोतं.

"माही अर्धी आणली," तो म्हणाला.

पोत्यातून बॅटरी निघाली. इतक्या वर्षांत तिच्यावर धूळ बसू दिलेली नव्हती. टोकांना ग्रीससुद्धा लावलेलं. भाऊंनी ती पेटीत ठेवली. अगदी नेमकी बसली. तारा आवळल्या, किल्ली फिरवली. टक् असा आवाजही आला नाही.

"मेली वाटते," केशव खाली बघत म्हणाला.

मी 'ढिलं कनेक्शन' ऐकायच्या तयारीत होतो.

"कनेक्शन बरोबर हाये," भाऊ म्हणाले. "बॅटरी गेली. उद्या आदिलाबादले जाऊ. दोघं. जोडी घेऊन येऊ."

केशवनं मान हलवली आणि रिकामं पोतं झटकून निघाला.

"थांब. ओसरीवरची घेऊन जाय."

"ते त जीपची हाये ना?"

"ट्रॅक्टरची हाये. तू पोळ्याले बैलं घेऊन मारुतीपाशी गेला होता, तवा तुह्या घरी येऊन माप घेऊन गेलो मी."

केशवनं रिकामं पोतं पुन्हा उघडलं आणि ओसरीवरची बॅटरी त्यात घातली. वैनींनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. भाऊंनी अजून चहा बशीत ओतलाही नव्हता. तो तसाच ठेवून ते बाहेर गेले आणि त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, केशवच्या शेजारी, बसून आदिलाबादला निघाले.