दत्तोपंत सरांचे साठ टक्के

डॉक्टर लुबनानं कागदावर "६० ते ७० टक्के" असं लिहिलं आणि दत्तोपंत सरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. छातीत दुखलं म्हणून तीन दिवस दवाखान्यात काढले, तेव्हाही इतका उडाला नव्हता.

"साठ?" सर म्हणाले. "लुबना, तू माझ्या वर्गात शिकलीस. साठवाल्याला लातुरात कुणी विचारतं का?"

"सर, हे मार्क न्हाईत. दोनशे वीसमधून तुमचं वय काढा. एकसष्ट गेले, राहिले एकशे एकोणसाठ. मिनिटाला तेवढे ठोके म्हणजे तुमचे शंभर टक्के. चालताना त्याच्या साठ ते सत्तर टक्क्यांतच राहायचं. पंच्याण्णव ते एकशे अकरा. वर न्हाई जायचं. घड्याळातली रोजची नोंद माझ्या फोनवर साठत जाईल, पंधरा दिवसांनी मी बघीन. सहा आठवडे नीट आली तरच जूनची बॅच."

जूनची बॅच म्हणजे सरांचा जीव की प्राण. भूकंपानंतरच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये अकरा मुलं घेऊन त्यांनी गणिताचा क्लास काढला होता. तेव्हापासून एक जून चुकला नव्हता. लातुरात गणित म्हणजे दत्तोपंत, असं लोक म्हणायचे. लोक विसरले तर सर स्वतः म्हणायचे. घरी बसून राहणं या कल्पनेनंच त्यांना घाम फुटत होता, म्हणून त्यांनी मुकाट्यानं कागद खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर पहिली फेरी झाली. मुलानं हैदराबादहून पाठवलेल्या घड्याळानं टक्क्यांत आकडा दाखवला, त्रेसष्ट. सरांनी चटकन बाही खाली ओढली. एखाद्या पालकानं पाहिलं असतं तर? सूचना त्यांना पाठ होती, पण तीस वर्षांची सवय पाठांतरापेक्षा मोठी निघाली. पाय आपोआप उचलले गेले. त्या दिवशी ते अठ्ठ्याहत्तरवर थांबले आणि चौथ्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवर गेले.

"अठ्ठ्याऐंशी!" निकालाच्या दिवशी लावतात तो आवाज लावून त्यांनी घरी बायकोला, गोदावरीबाईंना, सांगितलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली होती?"

"ती म्हणणारच. लहानपणापासून भित्री."

पाचव्या दिवशी मैदानावर धोंडप्पा सर उगवले. त्यांचा केमिस्ट्रीचा क्लास दत्तोपंतांच्या क्लाससमोरच होता, आणि आता मनगटावर घड्याळही तसलंच होतं.

"किती पडले, सर?"

"अठ्ठ्याऐंशी."

"असू द्या, असू द्या. मला ब्याण्णव हाय."

एवढं पुरलं. दत्तोपंतांनी दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव काढले, धोंडप्पांनी पंच्याण्णव. मैदानावरची बाकीची मंडळीही एकमेकांना टक्के विचारू लागली. सत्तरच्या आत राहणारा एक निवृत्त तलाठी तर लाजेनं मागच्या गेटनं येऊ लागला.

नवव्या दिवशी दत्तोपंतांनी शेवटची फेरी चक्क पळत काढली. घड्याळात पाहिलं, एकशे एक.

"शंभरपैकी... एकशे... एक!" ते धापा टाकत म्हणाले.

"असं कसं होईल? पेपर सोपा असंल," धोंडप्पांनी शंका काढली.

सरांनी घड्याळाचा फोटो काढला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं स्वतःच लुबनाला पाठवला. मिनिटाच्या आत फोन वाजला.

"सर, हाय तिथं बसा. उठू नका. मी गाडी पाठवते."

सर मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसले. लोक जमले. धोंडप्पांनी स्वतःच्या टोपीनं वारा घातला, हे दत्तोपंतांना सगळ्यात जास्त लागलं.

दवाखान्यात तपासणी ठीक निघाली. लुबनानं नऊ दिवसांची नोंद त्यांच्यापुढे धरली.

"सर, नऊच्या नऊ दिवस नापास."

एकसष्ट वर्षांत हा शब्द त्यांना कुणी म्हटला नव्हता.

"जूनला सात आठवडे हायेत. आजपासून पुन्हा पहिल्यापासून. एकटं चालायचं न्हाई. बोलत बोलत चालायचं. बोलता आलं तर गती बरोबर, धाप लागून वाक्य तुटलं तर चुकली."

"कुणासंग बोलू?"

"मी येते की," निरोप मिळताच आलेल्या गोदावरीबाई म्हणाल्या. "मला जमंल. मॅट्रिकला एकसष्ट टक्के हायेत मला. तेहतीस वर्षं पाहुण्यांना सांगून हसवता की तुम्ही."

त्या स्वतः हसल्या नाहीत. सरांना फार लाज वाटली. त्यांनी मान डोलावली.

पहिल्या दिवशी सर गप्प चालले. इतके गप्प की आकडा सत्तावन्नवर घसरला.

"बोला की काही."

"काय बोलू?"

तीन-तीन तास न थांबता गणित शिकवणाऱ्या माणसाला बायकोशी बोलायला विषय सुचेना. मग गोदावरीबाईंनीच सुरुवात केली. त्यांच्या निलंग्याकडच्या कस्तुराबाई मावशींना भूकंपानंतर नवं घर मिळालं, पण दार नावडत्या जावेच्या अंगणाकडं निघालं. मावशींनी घराबाहेर बाज टाकली आणि दार फिरवल्याशिवाय आत पाऊल ठेवणार नाही म्हणून सांगितलं. समजूत घालायला ईश्वरप्पा नावाचा इंजिनियर आला, तो मावशींच्या हातचं जेवून परत गेला.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग तो रोजच येऊ लागला."

"मग?"

"सहा फेऱ्या झाल्या. उद्या."

घड्याळात चौसष्ट होते. दुसऱ्या दिवशी सर अलार्मच्या आधीच उठले. धोंडप्पांचा विषय निघाला की आकडा त्र्याहत्तरवर उडी मारतो हे लवकरच ध्यानात आलं, म्हणून तो विषय बंद झाला. बाकी मावशी, जाऊ, इंजिनियर आणि सर, चौघंही साठ ते सत्तरमध्ये सुखानं नांदू लागले.

सहा आठवड्यांनी लुबनानं फोन पाहिला आणि उभी राहिली.

"बेचाळीसपैकी बेचाळीस दिवस सरासरी पास, सर! घ्या जूनची बॅच. आता वर चढू या. सत्तर ते ऐंशी."

"तिथं बोलता येतं का?"

"तुटक. दोन-तीन शब्द."

"मग नको," सर म्हणाले. "मावशींचं दार अजून फिरायचं हाय."

लुबनाला काही कळलं नाही. गोदावरीबाई मात्र पदराआड हसल्या.

जूनमध्ये क्लासच्या पाटीवर पहिला तास सहाऐवजी साडेसातचा लागला. लातूरला धक्काच बसला. धोंडप्पांनी मैदानावर सरांना गाठलंच.

"किती चालू हायेत सध्या?"

"चौसष्ट!" दत्तोपंत छाती काढून म्हणाले. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले.

धोंडप्पा थोडा वेळ त्यांच्या बरोबरीनं चालले. त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरनंही परवाच कागदावर साठ लिहून दिले होते आणि काही केल्या ते ऐंशीच्या खाली येत नव्हते.

"सर, खरं सांगा," ते हळूच म्हणाले, "क्लास कुणाकडं लावला?"

सरांनी अभिमानानं गोदावरीबाईंकडं हात केला. बाईंनी चालण्याची गती जराही न बदलता धोंडप्पांकडं पाहिलं.

"बॅच फुल्ल हाय," त्या म्हणाल्या.