हेडबाई रूळ निवडतात

घरात तिला सगळे हेडबाई म्हणत. हेडबाईंनी हातात घेतलेलं काम फत्तेच होतं, असं निदान हेडबाईंचं तरी ठाम मत होतं.

सध्याचं काम होतं रूळ निवडण्याचं. वरच्या खोलीत बाबांची छोटी रेल्वे ऐसपैस पसरली होती. बोगदे, पूल, सिग्नल, स्टेशन. इवल्याशा हमालांनासुद्धा तिथे बसायला बाक होते आणि हेडबाई मात्र हॉलमधल्या सोफ्यावर, टीव्हीच्या कोकलण्यात अभ्यास करणार! या अन्यायाविरुद्ध तिने त्या खोलीवर बहिष्कारच टाकला होता.

"गाडी बागेत न्या की," ती म्हणाली.

"उन्हापावसात रूळ टिकायचे नाहीत. टिकणारे शोध, माझी गाडी त्यांवर धावू दे, मग खोली तुझी."

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं. साक्षीला उभी राहीन," आई म्हणाली.

तिला साक्षीलाच काय, रुळांवरही उभं राहावं लागलं. हेडबाईंनी दुकानातून नमुने आणले आणि त्यांची परीक्षा घेतली. लोखंडी रूळ मिठाच्या पाण्यात ठेवताच गंजून लाल. ॲल्युमिनियमचा आईच्या पायाखाली वाकला.

"यावर कुणीही काहीही बोलायचं नाही," आई म्हणाली.

तिसऱ्याच्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या गच्चीवरच्या उन्हात तडकून खडूसारख्या तुटल्या. टिकला तो पितळी. जरा काळवंडला, पण फडका मारताच पुन्हा नवरदेवासारखा चकाकू लागला.

हेडबाई ऐटीत दुकानात गेल्या. "काका, हेच द्या. बागेला फेरा होईल इतके."

"गाडी कुठली आहे तुमची?"

"निळी."

"तसं नव्हे, तिची चाकं..."

"काका, ऊन, पाणी, वजन, सगळं तपासलंय मी. तुम्ही फक्त बांधून द्या."

काकांनी मुकाट्याने बांधून दिले.

रविवारी बागेतल्या लिंबाच्या झाडाभोवती रूळ झळकले. बाबांनी टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन तान्ह्या बाळासारखं बाहेर आणलं आणि अलगद खाली ठेवलं. ते बसलंही छान. रुळांवर नव्हे, दोन रुळांच्या मधोमध. दोन्ही बाजूंना भरपूर हवा खेळत होती.

"हेडबाई," बाबांनी हळूच विचारलं, "रुंदी मोजली होतीस?"

"रुंदी सोडून सगळं मोजलं होतं."

ती बोलणी खायला तयार झाली. पण बाबांचे डोळे चमकत होते, आणि ते जास्त धोक्याचं होतं.

"रूळ मात्र नामी निवडलेस. यांवर शोभेल असं मोठं इंजिनच आणू या."

पुढच्या रविवारी ते आलं. चांगलं मांजराएवढं, मागे तसेच दांडगे डबे. लिंबाभोवती असं काही धावलं, की हेडबाईसुद्धा टाळ्या वाजवत सुटल्या.

"आता माझी खोली?"

"अगं, जुनी गाडी या रुळांवर कुठे बसते? ती वरच राहणार."

तेवढ्यात आभाळ भरून आलं. बाबा नवं इंजिन पोटाशी धरून हॉलच्या दारात उभे राहिले. "रूळ भिजले तर चालेल. हे कसं भिजवू?"

"वरच्या खोलीत तर तसूभर जागा नाही," हेडबाईंनी ठणकावलं.

"तेच म्हणतोय," बाबा अगदी लाडाने म्हणाले. "जरा सोफ्यावरून उठतेस का, बाळा?"

हेडबाईंनी वह्या गोळा केल्या. आईने स्वयंपाकघरातल्या ओट्याचा एक कोपरा पुसून दिला.