ठीक पाच वाजता

ज्वालामुखीला वेळेची शिस्त नसते. म्हणूनच ती त्याच्यावर चढणाऱ्यांना लावावी लागते. इंडोनेशियातल्या एका बेटावरच्या रिंजानी ज्वालामुखीच्या पायथ्याच्या एका चौकीने हे सत्य फार पूर्वीच ओळखलं. तिथे तीन दिवसांच्या चढाईचा तक्ता आधीच भरून द्यावा लागतो: निघणे सकाळी सात, कड्यावर पोचणे दुपारी तीन, शिखरावरून सूर्योदय (सूर्याने सहकार्य केल्यास) पाच पन्नास, आणि तिसऱ्या दिवशी खाली उतरणे संध्याकाळी पाच. चौकीचा शिक्का बसल्याशिवाय वाटाड्या उतरला असं धरत नाहीत, आणि उशीर झाला की त्याचं नाव दोन वर्षं काळ्या यादीत. पद्धत इतकी उत्तम, की गेल्या हंगामात ४१२ पैकी ४१२ तुकड्या ठीक पाचला उतरल्या. (एक पाहुणा वाट चुकून दुसऱ्या दिवशी उतरला, तोही पाचलाच.)

अमाक रुस्नी हा तिथला जुना वाटाड्या. तिथल्या सासाक लोकांत पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं. अमाक रुस्नी म्हणजे रुस्नीचा बाप. त्याच रुस्नीची लग्नाची मिरवणूक तिसऱ्या दिवशी दुपारी चारला नवऱ्याच्या गावाहून बापाच्या दारी यायची होती. अमाकने तक्त्यात सवयीने 'पाच' लिहिलं आणि मनात 'दोन' धरलं. तसं घाबरण्याचं कारण नव्हतं. चारची मिरवणूक सहाच्या आत आलेली त्या बेटावर कुणी पाहिली नव्हती.

तरी बापाचाच जीव तो. शेवटच्या दिवशी त्याने दोन डच पाहुण्यांना सरोवर, गरम पाण्याचे झरे आणि निसर्गचिंतन मिळून अकरा मिनिटांत उरकायला लावलं, आणि पावणेदोनला तो चौकीत हजर झाला.

"शिक्का मारा, साहेब."

चौकीच्या वीरया साहेबांनी तक्ता पाहिला, घड्याळ पाहिलं. "तू अजून डोंगरावर आहेस."

"हा काय, समोर उभा आहे!"

"कागदावर नाहीस ना. पावणेदोन लिहिलं तर वरचे विचारतील, बाकीचे पाचपर्यंत करतात काय? सगळ्यांच्या पोटावर पाय देशील. बस तिथे, सावली आहे."

"आज रुस्नी येतेय हो घरी."

"माहीत आहे की. मलाही आमंत्रण आहे."

पाहुण्यांना शिक्का लागत नसल्याने ते निघून गेले. अमाक बाकावर बसला.

नेमकी त्या दिवशी ढोलवाल्यांनी दुसरीकडचीही सुपारी घेतली होती. त्यामुळे मिरवणूक चारच्या ठोक्याला आली, आणि तीही चौकीसमोरूनच. रुस्नीने बापाला पाहिलं.

"अमाक! चल की घरी!"

"तू हो पुढे, बाळा. मी पाचला उतरतो."

वीरया साहेब उठले. त्यांनी शिक्का खणात टाकून कुलूप लावलं, टोपी नीट केली आणि ते मिरवणुकीत सामील झाले. परतायला सहा वाजले. केळीच्या गाभ्याच्या आमटीची त्यांनी मनापासून तारीफ केली.

"पोरगी फार रडली रे. उंबऱ्यावर तुलाच शोधत होती." मग त्यांनी शिक्का मारला: ठीक पाच. "शाबास. एका मिनिटाचा उशीर नाही."

वाचकहो, त्या लोकांना हसायला हरकत नाही. पण आपण मागच्या लग्नाला गेलात तेव्हा पत्रिकेवर बारा वाजून सदतीस मिनिटांचा मुहूर्त होता, आणि आपण दीडला थेट पंगतीत बसलात. जिलबी छान होती. मुलीचा बाप तेव्हा कुठे होता, हे आपणही विचारलं नव्हतंत.