कळवतो म्हणालेत

माझ्यासारख्याने कुणावर लिहावं का, हे मला खरंच माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर मी फक्त अर्ज लिहिलेत. तेव्हा कुठे चुकलं तर आधीच माफी मागतो. पण सुदामनानांबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

नाना कोल्हारला आमच्या शेजारी राहतात. शेतातल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात, आणि हे तेलकट काम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून करतात. खिशात साधा बटणांचा फोन. आठ वर्षांपूर्वी नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत त्यांनी मुलाखत दिली होती. साहेब म्हणाले, "कळवतो." तेव्हापासून शर्ट तयार असतो.

"बोलावलं आन् शर्ट वाळत आसला तर?"

आमच्याकडे 'कळवतो'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मुलगी बघून, पोहे खाऊन उठताना पाहुणे 'कळवतो' म्हणाले, की आतल्या बायका समजतात, जमलं नाही. नानांना हे मान्य नाही. ते स्वतः राहुरीकडे मुलगी बघायला गेले, 'कळवतो' म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने परत जाऊन नकार सांगून आले.

"पोरगी लई हुशार. माझ्यासंग तिचा जीव रमला नसता," नाना म्हणाले. "तिच्या बापानं च्या दिला. पन कप आदळून."

मोटारींचंही तेच. तीन किलोमीटर चालत मळ्यात जायचं आणि सांगायचं, "न्हाई व्हनार दुरुस्त."

"आवो नाना, फोन करायचा की," मळेवाले म्हणायचे.

नाना खिशावर हात ठेवायचे. "आन् तेवढ्यात कंपनीनं लावला आन् त्यान्ला बिझी लागला म्हंजी?"

दुपारी काम नसलं की आम्ही प्रवरेच्या घाटावर बसायचो. पाणी संथ हलायचं, त्यावर ऊन हलायचं, आणि नाना बसल्या जागी कंपनीत जायचे. कोणत्या बसने, कोणत्या सीटवर, डब्यात काय. "खिडकी घ्यायची, पन उन्हाच्या बाजूची नगं." ऐकता ऐकता मलाही ती बस पुलावरून जाताना दिसायची. खिडकीत पांढरा शर्ट.

यंदा त्याच कंपनीत मी मुलाखत दिली. तिथल्या बाई म्हणाल्या, "कळवतो." महिना गेला. मला जेवण जाईना. नाना रोज विचारायचे, "कळवलं का रं?" मी नाही म्हणून मान हलवायचो.

एका मंगळवारी नानांचं दुकान बंद दिसलं. उन्हं कलताना ते घाटावर आले. शर्ट चुरगळलेला.

"गेल्तो कंपनीत," ते म्हणाले. "तुझं न्हाई झालं. दुसरं पोरगं घेतलंय."

वाईट वाटलं. पण महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठूनही गेलं.

मी विचारलं, "नाना, तुमचं विचारलंत?"

"न्हाई."

"का?"

"इचारलं आसतं तर कळलं आसतं."

त्यांनी एक खडा उचलला आणि तसाच मुठीत धरून ठेवला. मग हळूच म्हणाले, "तू इचार. शिकलेला हायेस. काय आसंल ते कळीव."

"कळवतो," मी म्हणालो. हा शब्द इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवारी गेलो. बाईंनी कुरकुरत एक जुनी फाईल काढली. नानांचा अर्ज होता. वर टपोऱ्या आकड्यांत फोन नंबर. हा नंबर गावात कुणाकडेच नव्हता, माझ्याकडेही नाही. तो लिहून घेतला आणि गेटबाहेर येऊन लावला.

पहिल्याच रिंगला, उठून उभं राहिल्यासारखा आवाज आला. "हॅलो. सुदाम बोलतोय. कोल्हारवरनं."

"नाना, मी आहे. ती जागा त्याच वर्षी भरली. तुमचं नाही झालं."

पलीकडे पाण्यात खडा पडल्याचा आवाज आला.

"बरं," नाना म्हणाले. "पन फोन आला बग."