सासूबाई उजवीकडे

शनिवारी सकाळी डेझमंड पिलिंग यांनी आपल्या चिमुकल्या गाडीच्या मागच्या चाकांना नवं रबर बसवलं आणि गाडीनं शेपूट वर केलं. बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचे हे चिटणीस. रविवारी चर्चच्या मैदानात सगळ्यांत नीट राखलेल्या गाडीची स्पर्धा होती, आणि सहा वर्षं हुकलेला चषक यंदा आपलाच, असं ते गल्लीभर सांगून बसले होते.

गाडी अशी का उभी आहे, असं बायको मॉरीननं विचारलं. झालं, साहेबांना व्याख्यानाला निमित्तच हवं होतं. या गाडीला पोलादी स्प्रिंग नसते. चाक एका दांड्याच्या मागच्या टोकाला असतं. दांडा पुढे एका खिळीवर फिरतो आणि चाक उचललं की रबराचा गोळा दाबतो. नवं रबर ताठ असतं, ते वजनाखाली हळूहळू बसतं. खिळीला मात्र वेळच्या वेळी ग्रीस हवं. क्लबच्या पत्रिकेत हे ते दरमहा ‘एक जाणकार’ अशा सहीनं लिहीत, आणि ग्रीस न देणाऱ्या सभासदांची नावंसुद्धा छापत.

“हळूहळू म्हणजे किती?” मॉरीननं विचारलं.

“महिनाभर.”

“आणि स्पर्धा उद्या.”

मग बागेतल्या फरशा उचकटून मागच्या सीटवर रचल्या. उजवी बाजू मुकाट्यानं बसली. डावी तसूभर हलेना. शेवटी डेझमंडनी सासूबाईंना, एडनाबाईंना, डावीकडे बसण्याची विनंती केली. त्या विणकाम घेऊन फरशांवरच बसल्या.

“लग्नात मला मागच्या रांगेत बसवलंत, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आता बरी आठवण झाली माझी.”

कर्रर्र आवाज करत डावी बाजू खाली गेली. सगळ्यांनी हुश्श केलं. पण सासूबाई उतरल्या, फरशा काढल्या, तर उजवी बाजू वर आली आणि डावी खालीच राहिली. गाडी कंबर धरल्यासारखी तिरकी उभी. रबरवाल्यांना चार शिव्या हासडून डेझमंडनी ठरवलं की उद्या सासूबाई उजवीकडे बसतील.

रविवारी परीक्षक म्हणून कॉव्हेंट्रीहून हिलरी क्रॉपर आल्या होत्या. बस डेपोत तीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेली बाई. एडनाबाईंचा गुडघा दुखतोय, त्या उतरू शकत नाहीत, असं डेझमंडनी सांगितलं. बाईंनी टेपनं दोन्हीकडची उंची मोजली. अगदी सारखी. डेझमंडचा चेहरा फुलला. चषक दहा पावलांवर, टेबलावर चमकत होता.

तेवढ्यात चहाच्या तंबूतून किटलीचा आवाज आला. एडनाबाई दार उघडून टुणकन उतरल्या आणि तुरुतुरु चालू लागल्या. उजवी बाजू चांगली दोन बोटं वर आली.

हिलरीबाईंनी गाडीकडे पाहिलं, एडनाबाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि सरळ गवतावर आडव्या होऊन गाडीखाली शिरल्या. डाव्या खिळीत ग्रीस भरायचं तोंड होतं, त्यावर चकचकीत काळ्या रंगाचे चार थर होते. आत खिळी गंजून जाम झाली होती.

बाई अंग झटकत उठल्या. त्यांनी पिशवीतून आमच्या क्लबची पत्रिका काढून डेझमंडच्या हातात दिली.

“तिसऱ्या पानावरचा लेख वाचा, मिस्टर पिलिंग. लिहिणारा आगाऊ आहे, पण माहिती बरोबर आहे. कोण हो हा?”

“कल्पना नाही,” डेझमंड म्हणाले.

एडनाबाई चहाचा कप सांभाळत परत येत होत्या.

“असं काय करता, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “दरमहा आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवता की.”